त्रिभुज प्रदेशाच्या गाळातून तेलसाठ्याचा दर्जा कसा वाचावा

वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर ‘ब्रेंट क्रूड’चा भाव रोज छापून येतो. ब्रेंट हे शेटलंड बेटांच्या ईशान्येला, उत्तर समुद्राच्या तळाखाली १९७१ मध्ये सापडलेल्या तेलक्षेत्राचे नाव. १९७६ पासून २०२१ पर्यंत तेथून उत्पादन झाले. तेथील तेलाचा मोठा भाग ज्या वालुकाश्मात साठला होता, तो सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी, मध्य जुरासिक काळात, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेलेल्या एका विशाल त्रिभुज प्रदेशाचा गाळ आहे. त्या गाळात एकावर एक असे दोन थर आहेत, ज्यांच्यातील पोकळीचे प्रमाण फारसे वेगळे नाही, आणि तरीही एका थरातून तेल दुसऱ्याच्या कितीतरी पट सहजतेने वाहते. हा फरक कसा पडतो आणि तो आधीच कसा ओळखावा, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे.

लेख भूविज्ञानाचे शिक्षण संपवून तेलक्षेत्रात नव्याने आलेल्यांसाठी, किंवा प्रबंधाच्या निमित्ताने विहिरीतून काढलेला खडकाचा दंड, म्हणजे कोअर, पहिल्यांदाच टेबलावर मांडून बसलेल्यांसाठी आहे. तेल किंवा वायू ज्या खडकात साठतो त्याला येथे साठाखडक म्हटले आहे. कामाच्या ठिकाणी सगळे ‘रिझर्व्हायर’च म्हणतात. माझा आग्रह एकच आहे: प्रयोगशाळेने दिलेले आकडे शेवटी पाहावेत. त्याआधी कण कोठून आला, तो कोठे पडला आणि गाडला गेल्यावर त्याचे काय झाले, हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

सुरुवातीलाच एक मर्यादा सांगतो. मराठी वाचकाला तेलक्षेत्र म्हटले की १९७४ मध्ये सापडलेले मुंबई हाय आठवते. तेथील मुख्य साठाखडक मायोसीन काळातला चुनखडक आहे. त्याची पोकळी वेगळ्या कारणांनी घडते आणि या लेखातील बहुतेक पायऱ्या तेथे लागू पडत नाहीत. उलट गुजरातेतील अंकलेश्वर, जेथे १९६० मध्ये तेल लागले, ते या लेखाच्या कक्षेत बसते. तेथील इओसीन काळातल्या हजाद वाळू त्रिभुज प्रदेशातच साचल्या, त्यांच्याखाली तेल निर्माण करणारा खंबात शेल (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) आहे आणि वर झाकणासारखा कानवा शेल आहे.

पहिली पायरी : पोकळी आणि वाट यांत गल्लत करू नये

खडकाच्या एकूण आकारमानापैकी पोकळ जागा किती, हे सच्छिद्रता सांगते. त्या जागांमधून द्रव किती सहज वाहील, हे पार्यता सांगते. सच्छिद्रता टक्क्यांत मोजतात, पार्यता डार्सी किंवा त्याच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलीडार्सीत. साठा किती आहे याचा अंदाज पहिलीवरून येतो, तर तो बाहेर येईल की नाही हे बहुतांशी दुसरी ठरवते.

या दोहोंचे कणाच्या आकाराशी असलेले नाते वेगवेगळे आहे आणि ते अगदी पहिल्या दिवशी मनात पक्के करावे. सारख्या आकाराचे गोल एकावर एक सरळ रचले तर सुमारे ४८ टक्के जागा रिकामी राहते, आणि खाचांत बसवून घट्ट रचले तर २६ टक्के; मग ते गोल मोहरीचे असोत की तोफगोळ्यांचे. म्हणजे सच्छिद्रता कणाच्या आकारावर अवलंबून नसते, तर कण एकमेकांशी किती सारखे आहेत यावर असते. मोठ्या दाण्यांत बारीक दाणे मिसळले की बारीक दाणे फटींत जाऊन बसतात आणि सच्छिद्रता घटते. पार्यता मात्र ढोबळमानाने कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्यास निम्मा झाला की पार्यता चौथाईवर येते, कारण दोन पोकळ्यांना जोडणारी अरुंद मान, म्हणजे रंध्राचा गळा, आक्रसतो.

दुसरी पायरी : कण कोणत्या डोंगरातून आला ते शोधावे

नदी जे आणते त्यावर पुढचे सगळे उभे असते. ग्रॅनाइट आणि नाइस यांच्या झिजेतून क्वार्ट्झचे टणक दाणे मिळतात. हे दाणे किलोमीटर-दोन किलोमीटर गाळाचे ओझेही सहन करतात. शेल, स्लेट किंवा बेसाल्टचे तुकडे मात्र मऊ असतात. दाब वाढला की ते पिठाच्या गोळ्यासारखे चेपतात आणि आसपासच्या पोकळ्या भरून टाकतात.

आपल्या ओळखीचे उदाहरण गोदावरीचे. नाशिकपासून नांदेडपर्यंत ती दख्खनच्या बेसाल्टवरून वाहते. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतोच. त्याच्या झिजेतून तयार होते ती काळी माती, जी पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते. हे फुगणे स्मेक्टाइट या मृद्खनिजामुळे होते. पुढे प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या उपनद्या गोंडवन वालुकाश्म, नाइस आणि पूर्व घाटातील खडक यांच्या प्रदेशांतून क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारची वाळू आणून घालतात. समुद्राला मिळणाऱ्या गाळात अशी दोन घराणी एकत्र येतात, आणि कोणत्याही जुन्या थरात कोणाचा वाटा किती हे पाहिल्याशिवाय त्या थराच्या भवितव्याबद्दल बोलू नये. ज्याने काळ्या मातीच्या शेतात पावसाळ्यात पाय रोवला आहे, त्याला स्मेक्टाइटने रंध्राचा गळा कसा आवळला जातो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विहिरीत गोडे पाणी सोडले तर असा थर आतल्या आत फुगून बंद होऊ शकतो, म्हणून त्या पाण्यात पोटॅशियम क्लोराइडसारखे क्षार मिसळतात.

कामाची रीत साधी आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, कणमापाचे कार्ड आणि पाण्याचा फवारा घेऊन कोअरच्या ताज्या भंगावर दाणे पाहावेत. क्वार्ट्झ काचेसारखा, फेल्डस्पार दुधी किंवा गुलाबी आणि सपाट भंगाचा, अभ्रकाचे चकचकीत पापुद्रे. संशय राहिला तर खडकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन तीनशे दाणे मोजावेत. हे मोजणे कंटाळवाणे आहे, पण ते एकदा स्वतः केल्याशिवाय खडक ओळखीचा होत नाही.

तिसरी पायरी : कण त्रिभुज प्रदेशात नेमका कोठे पडला

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नद्यांना खाड्या आहेत, त्रिभुज प्रदेश नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर त्रिभुज प्रदेश बहुधा नकाशातल्या त्रिकोणासारखा असतो. खडक वाचायचा असेल तर तो उभ्या छेदात पाहायला शिकावे.

नदी समुद्राला मिळते तेथे तिचा वेग एकदम कमी होतो. जाड वाळू मुखाशीच पडते आणि तिचा दांडा तयार होतो. बारीक वाळू थोडी पुढे, गाळवट त्याहून पुढे, आणि चिखल खोल पाण्यात शांतपणे बसतो. त्रिभुज प्रदेश समुद्रात पुढे सरकतो तेव्हा हाच दांडा कालच्या चिखलावर येऊन बसतो. म्हणून मुखाजवळच्या साठाखडकात खालून वर जाताना कण जाड होत जातात. नदीच्या पात्रात उलट घडते: तळ कापलेला, त्यावर गोटे किंवा जाड वाळू, आणि पात्र सोडून दिले गेले की वर बारीक गाळ. पात्राच्या दोन्ही काठांना नैसर्गिक बांध असतात, पुरात ते फुटून वाळूचे पातळ फुटवे बाजूच्या दलदलीत पसरतात, आणि त्या दलदलीत साचलेल्या वनस्पतींचा पुढे कोळसा होतो.

विहिरीतील गॅमा लॉगवर, म्हणजे खडकाची नैसर्गिक किरणोत्सारिता नोंदणाऱ्या आलेखावर, या जागा आकाराने ओळखू येतात. मुखाजवळचा दांडा वर रुंद होणाऱ्या नरसाळ्यासारखा दिसतो, पात्राची भर तळाशी रुंद अशा घंटेसारखी, आणि सलग स्वच्छ वाळू सरळ कडांच्या डब्यासारखी. पण आकारावरून थेट निकाल देऊ नये, कारण निरनिराळ्या जागी साचलेले गाळही सारखेच आकार दाखवू शकतात. कोअरमध्ये मुळांच्या खुणा दिसल्या तर जमीन जवळ होती, सागरी जीवांची बिळे दिसली तर खारे पाणी होते, आणि मातीचे दुपदरी पापुद्रे ओळीने दिसले तर भरती-ओहोटीचा हात होता. लॉगचा आकार आणि कोअरमधली खूण यांचे साक्षीपुरावे जुळले तरच जागेचे नाव लिहावे.

चौथी पायरी : सत्ता कोणाची होती

भूवैज्ञानिक विल्यम गॅलोवे यांनी १९७५ मध्ये त्रिभुज प्रदेशांची मांडणी एका त्रिकोणात केली, ज्याच्या तीन टोकांना नदी, लाटा आणि भरती-ओहोटी आहेत. मिसिसिपीसारखा नदीच्या वर्चस्वाखालील प्रदेश समुद्रात बोटे पसरतो. वाळू त्या बोटांत अडकलेली असते आणि दोन बोटांमध्ये चिखल असतो, म्हणून शेजारच्या विहिरीत तोच थर सापडेल याची खात्री नसते. ब्राझीलमधील साओ फ्रान्सिस्कोच्या मुखाशी लाटा प्रबळ आहेत. त्या वाळू धुतात, निवडतात आणि किनाऱ्याला समांतर लांबवर पसरवतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी भरतीची सत्ता आहे; तेथे दांडे किनाऱ्याला समांतर न राहता समुद्राकडे रोख धरून असतात आणि प्रत्येक संथ पाण्याच्या वेळी वाळूवर मातीचा पापुद्रा बसतो. असा पापुद्रा नखाएवढाही जाड नसतो, पण तेलाला वर-खाली जाण्यापासून अडवतो.

विहिरी कोठे खणायच्या आणि किती अंतरावर, हे ठरवताना ही पायरी मोलाची ठरते. लाटांनी घडवलेला थर दूरवर सलग मिळण्याची अपेक्षा धरता येते, नदीने घडवलेल्या बोटांबाबत ती धरता येत नाही.

पाचवी पायरी : ब्रेंटचा उभा छेद मनात ठसवावा

आता मूळ उदाहरणाकडे येऊ. ब्रेंट गटात खालून वर पाच थर आहेत: ब्रूम, रॅनॉक, एटिव्ह, नेस आणि टार्बर्ट. त्यांची रोमन आद्याक्षरे जोडली की ब्रेंट हेच नाव तयार होते. ब्रूम तळाशी, जाडसर कणांचा. त्यावरचा रॅनॉक हा किनाऱ्यापुढच्या उथळ समुद्रतळावर, वादळी लाटांनी पसरवलेल्या बारीक आणि अभ्रकयुक्त वाळूचा. एटिव्ह हा प्रत्यक्ष किनाऱ्याचा, लाटांनी धुतलेल्या स्वच्छ आणि जाड वाळूचा. नेस हा त्रिभुज प्रदेशाच्या सपाटीचा, म्हणजे पात्रे, फुटवे, दलदली आणि कोळसा यांचा. शेवटी समुद्र परत दक्षिणेकडे चढू लागला तेव्हा टार्बर्टची वाळू साचली. एका त्रिभुज प्रदेशाची चढाई आणि माघार अशी पूर्ण नोंद पाच नावांत मिळणे हे अभ्यासकाचे भाग्यच म्हणावे लागेल.

रॅनॉक आणि एटिव्ह यांची जोडी मी प्रत्येक नवख्याला सर्वांत आधी अभ्यासायला सांगेन. दोन्ही वालुकाश्म, दोन्ही सच्छिद्र, एकमेकांना चिकटून. रॅनॉकची पार्यता मात्र साधारणपणे दहा ते काही शे मिलीडार्सी आणि एटिव्हची अनेकदा डार्सीच्या पुढे. पहिल्या पायरीत सांगितलेला वर्गाचा नियम येथे प्रत्यक्ष दिसतो: रॅनॉकचे कण बारीक आहेत, शिवाय अभ्रकाचे पापुद्रे आडवे पडलेले असल्यामुळे उभ्या दिशेची वाट आणखी अवघड होते. त्यातच जागोजागी कॅल्साइटने घट्ट बांधलेले गोळे आहेत, ज्यांतून जवळपास काहीच वाहत नाही. कोअरवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसले की असा गोळा ओळखावा.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. तेल ढकलण्यासाठी दोन्ही थरांत एकत्र पाणी सोडले तर पाणी एटिव्हमधून धावत सुटते आणि उत्पादन विहिरीत लवकर येऊन पोहोचते, तर रॅनॉकमधले पुष्कळ तेल मागे राहते. म्हणून विहिरीच्या नळीला भोके कोणत्या थरात आणि कोणत्या क्रमाने पाडायची, हा निर्णय १७ कोटी वर्षांपूर्वीच्या लाटांशी जोडलेला आहे. दोन्ही थरांची सरासरी काढून एकच आकडा अहवालात लिहिणारा माणूस गणितात चुकत नसतो, तरी त्याच्या आकड्याने केलेला अंदाज चुकतो.

रॅनॉक आणखी एक धडा देतो. अभ्रकात पोटॅशियम असते आणि ते किरणोत्सारी असते, त्यामुळे गॅमा लॉगवर हा थर आहे त्यापेक्षा अधिक मातकट दिसतो. केवळ गॅमावर विसंबून ‘येथे शेल आहे’ असे लिहिले तर चांगला साठाखडक हिशेबातून निसटतो. घनता आणि न्यूट्रॉन हे पोकळीचा अंदाज देणारे दोन लॉग सोबत ठेवून खात्री करावी. नेसमध्ये याच्या उलट काळजी घ्यावी लागते: कोळशाची घनता इतकी कमी असते की घनतेच्या लॉगवर तो अतिसच्छिद्र वाळूसारखा भासतो.

सहावी पायरी : गाडले गेल्यावर काय झाले

वाळू पडली तेव्हा तिच्यात चाळीस टक्के पोकळी होती असे धरू. वर गाळ चढत जातो, कण सरकून घट्ट बसतात, आणि खोलीबरोबर तापमान वाढते, साधारणपणे किलोमीटरमागे २५ ते ३५ अंश सेल्सिअस. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे क्वार्ट्झच्या दाण्यांवर नवा क्वार्ट्झ चढू लागतो आणि शंभराच्या पुढे हा वेग जाणवण्याइतका वाढतो. तापमान १२० ते १४० अंशांपर्यंत गेले आणि खडकात केओलिनाइट हे मृद्खनिज व पोटॅशियम फेल्डस्पार दोन्ही असले, तर त्यांच्यातून इलाइट हे दुसरे मृद्खनिज तयार होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते कापसाच्या तंतूंसारखे दिसते आणि रंध्राच्या गळ्यात जाळे विणते. सच्छिद्रता त्याने फारशी कमी होत नाही, पण पार्यता कोसळते. ब्रेंट गटाचेच थर जेथे साडेतीन-चार किलोमीटर खोल गेले आहेत तेथे हा फरक ठळकपणे दिसतो.

याच पायरीवर त्रिभुज प्रदेशाची एक देणगी लक्षात घ्यावी. नदीने आणलेले लोह मुखाशी खाऱ्या पाण्याला भेटते तेव्हा वाळूच्या दाण्यांवर लोहयुक्त मृद्खनिजाचा पातळ लेप बसू शकतो, आणि पुढे उष्णतेने त्याचे क्लोराइट होते. हा लेप सलग असेल तर नव्या क्वार्ट्झला बसायला जागाच मिळत नाही. अमेरिकेतील लुइझियानाच्या टस्कलूसा वालुकाश्मात अशा लेपामुळे सुमारे ६ किलोमीटर खोलीवरही २० टक्क्यांहून अधिक सच्छिद्रता टिकून राहिली आहे. त्यामुळे ‘खोल आहे म्हणजे निकामी’ हा निष्कर्ष दाण्यांवरचा लेप तपासल्याशिवाय काढू नये. मात्र अशा थरात विहिरीची वाट मोकळी करण्यासाठी साधे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरणे धोक्याचे असते, कारण क्लोराइटमधले लोह सुटे होऊन चिकट साक्यासारखे बसते आणि उघडायला निघालेली वाट बुजते.

सातवी पायरी : आता प्रयोगशाळेचे आकडे

येथपर्यंत आल्यावर आकड्यांची वही उघडावी, आणि प्रत्येक आकड्याला तो कसा मिळाला हे विचारावे. कोअरचे लहान तुकडे कोठून कापले? बहुतेकदा चांगल्या, सलग भागातून कापले जातात, त्यामुळे वाईट खडकाचे प्रतिनिधित्व कमी पडते. मोजमाप पृष्ठभागावरच्या दाबात झाले की खोलीतल्या दाबात? तुकडा आडवा कापला होता की उभा? आणि सर्वांत महत्त्वाचे, तो वाळवला कसा? इलाइटचे तंतू हवेवर वाळवताना दाण्यांना चिकटून आडवे पडतात, गळे मोकळे होतात आणि प्रयोगशाळेतील पार्यता जमिनीखालच्या खऱ्या पार्यतेपेक्षा कितीतरी जास्त येते. म्हणून इलाइट असलेल्या खडकाचे नमुने तंतूंना धक्का न लावता वाळवून घेण्याचा आग्रह धरावा.

मग गाळ साचण्याच्या प्रत्येक जागेसाठी सच्छिद्रता आणि पार्यता यांचा स्वतंत्र आलेख काढावा. सगळे ठिपके एकाच आलेखावर टाकले तर ढगासारखा पसारा दिसतो. दांडा, पात्र, फुटवा असे वेगळे केले की प्रत्येकाची स्वतःची ओळ उमटते. तेलासाठी सुमारे १ मिलीडार्सी आणि वायूसाठी त्याच्या दहाव्या भागाइतकी पार्यता ही खालची मर्यादा म्हणून अनेक ठिकाणी वापरली जाते. वायू पातळ असल्यामुळे त्याला अरुंद वाटही पुरते. पण ही मर्यादा प्रत्येक क्षेत्रात द्रवाच्या चिकटपणानुसार आणि दाबानुसार पुन्हा ठरवावी.

आठवी पायरी : हात बसण्यासाठी सराव

कंपनीची माहिती हाती नसली तरी सराव थांबत नाही. मायकेल क्रिस्टी आणि मार्टिन ब्लंट यांनी २००१ मध्ये तुलनेसाठी मांडलेले साठाखडकाचे एक संगणकीय प्रतिमान सर्वांना उपलब्ध आहे. त्यात ६० गुणिले २२० गुणिले ८५, म्हणजे ११ लाख २२ हजार खाने आहेत. वरचे ३५ पदर टार्बर्टसारखे आणि खालचे ५० पदर वरच्या नेससारखे आहेत. वरच्या भागातला एक पदर आणि खालच्या भागातला एक पदर पार्यतेच्या रंगांत शेजारी शेजारी काढून पाहावा. एकात पार्यता हळूहळू बदलत जाते, दुसऱ्यात वळणावळणाच्या नद्या काळ्या पार्श्वभूमीवर उजळ रेषांसारख्या उमटतात. नंतर दोन्हींत एका कोपऱ्यातून पाणी सोडले आहे असे समजून ते कोणत्या वाटेने जाईल ते पेन्सिलने आखावे, आणि मगच संगणकाला विचारावे.

ज्यांना प्रवास शक्य आहे त्यांनी इंग्लंडमधील यॉर्कशायरचा किनारा पाहावा. स्कारबरो आणि व्हिटबी यांच्या दरम्यानच्या कड्यांत ब्रेंटच्याच काळातला नदी आणि त्रिभुज प्रदेशाचा गाळ उघडा पडला आहे, आणि उत्तर समुद्रात काम करणारे भूवैज्ञानिक पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आले आहेत. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीच्या मुखापर्यंत जावे, आणि उपग्रह नकाशा सोबत ठेवावा. पात्राच्या काठावर, पुराच्या फुटव्यावर आणि समुद्राकाठच्या दांड्यावर, अशा तीन ठिकाणी मूठभर वाळू उचलून तीन पिशव्यांत भरावी, प्रत्येकीवर जागा लिहावी, आणि घरी येऊन ती वाळवून तीन चाळण्यांतून गाळावी. प्रत्येक चाळणीवर उरलेले वजन वहीत मांडले की कोणती वाळू एकसारखी आणि कोणती मिसळलेली, हे स्वतःच्या हाताने मोजलेले असते. पुढच्या कोअरसमोर बसताना ती वही जवळ ठेवावी.